पॉलिशची नक्कल

लॅमिनेटच्या दुकानात सॅम्पलच्या पट्ट्या उलगडल्या की चर्चा आधी रंगाची होते, मग लाकडाच्या रेषांची, आणि सगळं ठरल्यावर दुकानदार विचारतो, ‘ग्लॉसी देऊ की मॅट?’ हा प्रश्न शेवटी येतो म्हणून तो किरकोळ वाटतो. इतिहासात क्रम उलटा होता. या कागदी तक्त्याला रंग नव्हता, लाकडाचा छाप नव्हता, तेव्हाही त्याला पृष्ठभाग होता आणि त्या पृष्ठभागाचं काम ठरलेलं होतं. लॅमिनेट म्हणजे लाकडाची नक्कल, असं सर्रास बोललं जातं. मला वाटतं, लॅमिनेटने लाकडाची नक्कल तशी बेताचीच केली. त्याने खरी नक्कल केली ती पॉलिशची, म्हणजे लाकूड घासून, लाख चढवून, पुसून जपण्यात माणसाचे जे हात झिजत त्यांच्या कामाची. हे मान्य केलं, तर गेल्या साठ-सत्तर वर्षांत आपल्या घरांतली आवड ग्लॉसकडून मॅटकडे आणि मॅटकडून टेक्स्चरकडे का सरकली, याचा उलगडा निव्वळ ‘फॅशन बदलली’ या उत्तरापेक्षा बराच बरा होतो.

सुरुवात छोटा नागपूरच्या पठारापासून करावी लागते. तिथल्या कुसुम, पळस आणि बोरीच्या फांद्यांवर लाखेचे किडे स्वतःभोवती राळेसारखं आवरण तयार करतात. ते खरवडून, धुऊन, वितळवून पातळ ताणलं की चपडा लाख होते, आणि ती स्पिरिटमध्ये विरघळवली की लाकडाचं पॉलिश. याच पठारावर कोडरमा आणि हजारीबागच्या खाणींत अभ्रक निघतं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला वीज आली आणि लाख नि अभ्रक या दोन्हींची मागणी एकाच कारणाने वाढली: दोन्ही वस्तू विजेला अडवतात. मोटारीच्या आणि डायनॅमोच्या गुंडाळ्यांना लाखेचा लेप लागे, त्यांच्या भागांमध्ये अभ्रकाच्या चकत्या बसत. शिवाय ग्रामोफोनच्या तबकड्याही लाखेच्याच. बालगंधर्वांची पदं ज्या तबकड्यांवरून महाराष्ट्रभर ऐकली गेली, त्या तबकड्या आणि श्रीमंताघरच्या मेजावरची चमक एकाच किड्याची देणगी होती. माल जंगलातून गोळा होणारा आणि मागणी कारखान्यांची, हे गणित फार काळ जुळण्यासारखं नव्हतं. बेल्जियममध्ये जन्मलेला आणि न्यूयॉर्कजवळ यॉन्कर्सला प्रयोगशाळा थाटलेला रसायनशास्त्रज्ञ लिओ बेकलंड लाखेला कृत्रिम पर्याय शोधण्याच्या मागे लागला तो याच कारणाने. १९०७ मध्ये फिनॉल आणि फॉर्मल्डिहाइड यांच्यापासून त्याने जी राळ बनवली, तिला बेकेलाइट हे नाव मिळालं. पुढे १९१३ मध्ये वेस्टिंगहाउसमध्ये काम केलेल्या डॅनियल ओकॉनर आणि हर्बर्ट फेबर या दोघांनी सिनसिनाटीत कंपनी काढली. ती बेकेलाइटची राळ पाजलेल्या थरांपासून अभ्रकाच्या जागी बसणारे भाग बनवू लागली. कंपनीचं नाव फॉर्मायका. म्हणजे लॅमिनेटचा जन्म झाला तेव्हा त्याला लाकडाशी काही घेणंदेणं नव्हतं. ते दोन पदार्थांची जागा घ्यायला आलं होतं आणि त्यांतला एक पदार्थ लाकडाचं पॉलिश होता.

सुरुवातीचा हा माल काळा-तपकिरी होता, कारण फिनॉलची राळ मुळातच गडद. १९२७ मध्ये फॉर्मायकाने गडद गाभा झाकणाऱ्या अपारदर्शक थराचं पेटंट घेतलं आणि त्यावर छापील कागद, लाकडाच्या रेषांचाही, बसवता येऊ लागला. १९३० च्या दशकाच्या शेवटी मेलामाइनची राळ आली. ती पाण्यासारखी स्वच्छ, कडक, आणि कपातल्या चहाने किंवा सिगरेटच्या निखाऱ्याने सहजासहजी न डागाळणारी. आजच्या लॅमिनेटची मांडणी तीच आहे: खाली फिनॉल पाजलेल्या क्राफ्ट कागदाचे थर, त्यावर मेलामाइन पाजलेला छापील कागद, कधी त्यावर आणखी एक पारदर्शक पातळ कागद. हे सगळं १२० अंशांहून जास्त उष्णतेत आणि दर चौरस सेंटिमीटरला ५० किलोहून अधिक दाबाखाली एकजीव होतं. इथे एक बारकावा ध्यानात घ्यायला हवा. प्रेसमध्ये कागदाच्या गठ्ठ्यावर स्टेनलेस स्टीलची प्लेट असते, आणि राळ घट्ट होताना त्या प्लेटचा पृष्ठभाग जसाच्या तसा उचलते. प्लेट आरशासारखी असेल तर ग्लॉस, बारीक खरबरीत केलेली असेल तर मॅट किंवा स्वेड, रसायनाने कोरलेली असेल तर टेक्स्चर. प्लेटऐवजी नक्षीचा कागद वापरूनही हे साधता येतं. म्हणजे एकाच छापील कागदापासून चार फिनिश निघू शकतात. रंग आणि रेषा कागदात असतात, फिनिश पोलादात. सुताराने दहा दिवस हात फिरवून जे लाकडावर आणलं असतं, ते इथे प्लेटवर एकदाच केलेलं असतं आणि मग हजारो तक्त्यांवर आपोआप उतरतं.

ते दहा दिवस कसे जात, हे पाहिल्याशिवाय या बदलाचं मोल कळत नाही. फ्रेंच पॉलिश करणारा कारागीर आधी लाकूड पॉलिशपेपरने घासतो, रेषांतली छिद्रं भरतो, मग कापडात गुंडाळलेला कापसाचा बोळा लाखेच्या द्रावणात भिजवून गोल गोल फिरवत राहतो. बोळा चिकटू नये म्हणून त्याला तेलाचा थेंब. एक हात वाळला की दुसरा, असे कित्येक हात. एवढं करून जे मिळतं ते देखणं असतं पण नाजूक. लाख पाणी उकळण्याच्या तापमानाच्या बरीच आधी मऊ पडते, ओल्या भांड्याखाली पांढरा डाग धरते आणि स्पिरिट सांडलं तर विरघळूनच जाते. म्हणून पॉलिश केलेलं टेबल म्हणजे जपायची वस्तू. त्यावर क्रोशाचा रुमाल, रुमालावर काच, आणि घरात लग्न निघालं की पुन्हा पॉलिशवाल्याला निरोप. हे सगळं परवडणाऱ्यांचं लाकूड म्हणजे सागवान, आणि मुंबईच्या सुबत्तेत बर्मा टीकचा दबदबा मोठा. १८६३ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशनचा धंदाच हा होता. ब्रह्मदेशाच्या दरबाराने सागाच्या ओंडक्यांच्या हिशेबावरून या कंपनीला दंड ठोठावला, त्याचं निमित्त करून इंग्रजांनी १८८५ मध्ये तिसरं ब्रह्मी युद्ध छेडलं आणि राजा थिबाला धरून रत्नागिरीला आणून ठेवलं. याच कंपनीने पुढे पुण्याजवळ आकुर्डीला लॅमिनेट बनवलं, ही गोष्ट मला कुठल्याही युक्तिवादापेक्षा बोलकी वाटते. सागासाठी ज्यांच्या नावाने लढाई झाली, ते शेवटी सागाचा फोटो छापलेल्या कागदाच्या धंद्यात आले.

आता मूळ मुद्दा. मधल्या पिढीच्या घरांतलं लाकडी छापाचं सनमायका आठवून पाहा: गडद तपकिरी रेषा आणि वर ट्यूबलाइटचं प्रतिबिंब दिसेल अशी चकाकी. कोणतंही लाकूड कापल्यावर असं दिसत नाही. रंधा मारलेला सागही असा दिसत नाही. असं दिसतं ते फक्त लाखेचे अनेक हात चढवलेलं लाकूड. तेव्हा ती चकचकीत शीट ज्याची हुबेहूब नक्कल करत होती ती वस्तू ‘लाकूड’ नसून ‘पॉलिश केलेलं लाकूड’ होती, आणि त्यातही रेषा ढोबळ असल्या तरी चालत, चमक मात्र अस्सल लागे. उलट आजच्या महागड्या लॅमिनेटमध्ये छापाच्या रेषेबरोबर तंतोतंत जुळणारे खोलगट चरे असतात, बोटाला लाकडाची छिद्रं जाणवतात, आणि चमक जवळजवळ नसते. जुन्या सुताराला हा नमुना दाखवला असता तर त्याने ‘अजून पॉलिश व्हायचंय ना?’ असंच विचारलं असतं. दोन्ही काळांत सागच छापला जातो, कागद तोच आहे. बदललं ते एवढंच की पूर्वी मेहनत झालेली दिसायला हवी होती आणि आता ती झालेली दिसू नये अशी अपेक्षा आहे.

महाराष्ट्रात हा माल पोचला तो आधी सार्वजनिक जागांतून. पेरांबूरच्या इंटिग्रल कोच फॅक्टरीतून १९५५ पासून डबे बाहेर पडू लागले आणि पुढची अनेक दशकं भारतीय रेल्वेच्या डब्यांना आतून लॅमिनेटचे तक्ते लागत राहिले. उडपी हॉटेलांतल्या टेबलांवर ते बसलं. इराण्याच्या संगमरवराइतकं ते रुबाबदार नव्हतं, पण फडका मारला की पुढचं गिऱ्हाईक बसवता येई. हा क्रम भारताचाच नाही. १९३६ मध्ये पहिल्या सफरीला निघालेल्या क्वीन मेरी या जहाजावरही फॉर्मायका होतं. जिथे पुसणाऱ्याला पगार द्यावा लागतो, तिथे पुसण्याचा वेळ आधी मोजला जातो. घरात हा हिशेब उशिरा आला, कारण घरातला फडका फुकट फिरत होता. १९६० चा सहकारी संस्था कायदा आणि १९६३ चा ओनरशिप फ्लॅटचा कायदा यांच्या आगेमागे मुंबई-पुण्याला मध्यमवर्ग चाळीतून ब्लॉकमध्ये जाऊ लागला. जागा लहान, सामान नवं, घरकामाला माणसं कमी, आणि सागवान खिशाबाहेर. १९५९ मध्ये बलवंत पारेख यांच्या कंपनीने फेविकॉल बाजारात आणलं होतं, त्यामुळे सुताराला सरस उकळत बसण्याची गरज उरली नाही. प्लायवुडवर गोंद पसरायचा, शीट दाबायची, रात्रभर वजन ठेवायचं आणि सकाळी कडेचा फाजील भाग कानशीने घासायचा. दिवाण, शोकेस, घडीचं डायनिंग टेबल, सगळं या रीतीने उभं राहिलं.

या घराने ग्लॉसच का उचलला, याचं उत्तर दिवाणखान्यात शोधण्यापेक्षा स्वयंपाकघरात लवकर सापडतं. मराठी घरात स्वच्छता चकाकीवरून ओळखायची रीत फार जुनी. तांब्या-पितळेची भांडी चिंचेने आणि राखेने घासून लखलखीत करायची, आतून कल्हई करून घ्यायची, आणि मांडणीवर अशी लावायची की येणाऱ्याच्या नजरेत भरतील. त्या चकाकीत घरातल्या बाईचे दिवसाचे किती तास गेले हे सगळ्यांना ठाऊक असे, आणि म्हणूनच ती प्रतिष्ठेची होती. ब्लॉकमधल्या संसारात पितळेची जागा स्टेनलेस स्टीलने घेतली. चिंच गेली, कल्हईवाला गेला, चकाकी राहिली. सनमायकाने लाकडाच्या बाबतीत हुबेहूब हेच केलं. मेहनतीचा पुरावा तसाच राहिला आणि मेहनत कमी झाली. ज्या घराने नुकतंच स्टील घेतलं होतं त्याने मॅट फिनिश मागितलं असतं, तर आश्चर्य वाटलं असतं.

यावर पहिला आक्षेप असा येईल, की त्या काळात निवड होतीच कुठे? परवान्यांच्या राज्यात कारखाने मोजके, शेडकार्ड लहान, दुकानदार देईल ते घ्यायचं. मग याला पसंती म्हणणं म्हणजे नाइलाजाला नटवणं. आक्षेपात तथ्य आहे, पण पूर्ण नाही. टंचाईमुळे माणूस जे मिळेल ते घेतो, हे खरं. ते मिळालेलं तो कुठे लावतो, हे मात्र त्याच्या हातात असतं. महागाची चकचकीत शीट दर्शनी दारांना आणि टेबलाच्या वरच्या अंगाला, आणि कपाटाच्या आत नुसता रंग किंवा साधा पांढरा तक्ता, ही विभागणी शेडकार्डाने केलेली नव्हती. शिवाय तांत्रिक सोयीने पाहिलं तर ग्लॉस हा कारखान्याला सगळ्यांत गैरसोयीचा. आरशासारख्या प्लेटवर एक ओरखडा पडला की तो त्यानंतरच्या प्रत्येक शीटवर उठतो, तर खरबरीत प्लेट असले दोष पोटात घालते. घरातही तोच अनुभव: ग्लॉसवरचा चरा उजेडात लांबून दिसतो, म्हणून जाणते सुतार आडव्या पृष्ठभागाला ग्लॉस लावू नका म्हणून सांगत आले आहेत. जो माल बनवायला कटकटीचा आणि वापरायला नाजूक, तो तरीही मागितला जात असेल, तर मागणाऱ्याला त्यातून काहीतरी हवं होतं.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. अमेरिकी इतिहासकार रूथ श्वार्ट्झ कोवन यांनी १९८३ च्या ‘मोअर वर्क फॉर मदर’ या ग्रंथात दाखवलं, की घरकामाची यंत्रं आली तरी गृहिणीचं काम घटलं नाही. स्वच्छतेच्या अपेक्षाच वाढल्या, आणि पूर्वी नोकर, नवरा किंवा मुलं करत ती कामंही तिच्याकडे आली. मग सनमायकाने मेहनत वाचवली हे म्हणणं भाबडं ठरत नाही का? मला हा आक्षेप मान्य आहे आणि तो माझ्याच बाजूला पडतो असं वाटतं. पॉलिशवाला वर्षा-दोन वर्षांनी येणारा, पैसे घेऊन जाणारा कारागीर होता. त्याचं काम संपलं आणि त्याच्या जागी रोजचा ओला फडका आला, जो घरातल्याच कुणाच्या तरी हातात गेला. ग्लॉसवर प्रत्येक बोट उठतं, फोडणीचा प्रत्येक शिंतोडा चमकतो. चकाकी स्वस्त झाली आणि तिची राखण मात्र रोजची झाली. मॅट फिनिशची ओढ इथून सुरू होते. घरातली बाई नोकरीला बाहेर पडली, पुसायला वेळ उरला नाही, तेव्हा डाग लपवणारा पृष्ठभाग सोयीचा झाला. शिवाय चकाकी ज्याच्या-त्याच्या घरी दिसू लागल्यावर तिच्यातून प्रतिष्ठेचा अर्थही निघून गेला. अलीकडे बोटांचे ठसे न उठणारे अतिमॅट पृष्ठभाग निघाले आहेत, इटलीतल्या आर्पा कंपनीने २०१३ मध्ये फेनिक्स नावाने आणला तसे. इतकं प्रगत रसायन खर्च होतं ते दिवसातून एक फडका वाचवण्यासाठी. खोल टेक्स्चरच्या बाबतीत मात्र ही सोय उलटते. गॅसच्या शेजारच्या शटरवर तेल, हळद आणि धूळ त्या चऱ्यांत बसली की ती फडक्याने निघत नाही, ब्रश घ्यावा लागतो. तळण-फोडणीच्या ओट्यालगत तरी हे फिनिश नुसतं देखणं आहे म्हणून घेऊ नये, हे माझं स्पष्ट मत.

राहिला नकलीपणाचा जुना आरोप. वस्तूने आपलं खरं द्रव्य दाखवावं, हा आग्रह नेकीचा आहे, पण पॉलिश केलेलं लाकूड तरी तो कुठे पाळत होतं? हलक्या लाकडाला रंग देऊन सागाचा भास आणणं, पातळ व्हिनिअर चिकटवणं, हे सुतारांना लॅमिनेटच्या फार आधीपासून ठाऊक होतं. लॅमिनेटची खरी चोरी पकडली जाते ती कोपऱ्यात: दोन शीट काटकोनात मिळतात तिथे गाभ्याच्या क्राफ्ट कागदाची काळी रेघ उघडी पडते. हे लपवायला कुणी लाकडी पट्टी मारली, कुणी ॲल्युमिनियमची, आणि फॉर्मायकाने १९८२ मध्ये आरपार एकच रंग असलेलं कलरकोर काढलं. त्याच सुमाराला इटलीत एत्तोरे सोत्सास आणि त्यांच्या मेम्फिस गटाने अबेत लामिनातीच्या भडक, कुठल्याही लाकडाशी नातं न सांगणाऱ्या नक्षीच्या शीट १९८१ च्या फर्निचरवर मिरवल्या. लॅमिनेटने नक्कल केलीच पाहिजे असं नाही, हे त्यांनी सिद्ध केलं. आपल्याकडे ते रुजलं नाही, कारण आपलं गिऱ्हाईक नक्षीच्या शोधात नव्हतं, त्याला राखणीचा प्रश्न सोडवायचा होता.

१२ डिसेंबर १९९६ ला सर्वोच्च न्यायालयाने गोदावर्मन खटल्यात जंगलतोडीवर कडक निर्बंध घातले, ईशान्येतल्या प्लायवुड कारखान्यांची चाकं थांबली, आणि अस्सल लाकूड आणखी दूर गेलं. आज ज्यांना ते परवडतं ते सागाचं व्हिनिअर लावून घेतात आणि लॅमिनेट नको म्हणून ठासून सांगतात. पॉलिशवाला येतो, पण लाखेचा बोळा घेऊन नाही. तो स्प्रे गन लावतो आणि डब्यातून काढतो ते मेलामाइन पॉलिश, बहुतेक वेळा मॅट.